तन्मय, ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नकोस

चि. तन्मय,

अनेक आशीर्वाद.

ग्राफिक्स कार्डासाठी पैसे द्यायला माझी ना नाही. तुझी शेवटच्या वर्षाची फिल्म त्या कॉम्प्युटरवर आहे आणि तो साधारण दर दोन दिवसांनी बंद पडतोय, हे ऐकल्यापासून माझाही जीव टांगणीला लागलाय. पण कार्ड आत्ता घेऊ नकोस. विंडोज बंद पडताना येणाऱ्या निळ्या स्क्रीनचे तू पाठवलेले फोटो मी एकेक करून पाहिले. दोष कार्डात असेल असं मला वाटत नाही. माझा संशय रॅमवर आहे, म्हणजे चालू कामाचा डेटा जिथे तात्पुरता राहतो त्या मेमरीवर. कॉम्प्युटरसमोर बसून तुला एकेक गोष्ट करत जाता यावी, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवते आहे.

सगळ्यात आधी फिल्म वाचव. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद कर (तुझ्या मदरबोर्डवर त्याला डीओसीपी असंही नाव असेल) आणि मगच सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घे. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नकोस, वेगळा फोल्डर कर. रॅम चुकत असेल तर फाइल रॅममधून डिस्कवर जाताना तिच्यातला एखादा बिट (शून्य किंवा एक) उलटतो आणि कॉम्प्युटर ती बिघडलेली फाइल निमूटपणे साठवून टाकतो. सीन उघडायला जाशील तेव्हाच ते कळेल, आणि तोवर चांगली प्रत पुसली गेलेली असेल. म्हणून नवा बॅकअप दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उघडून बघ.

दुकानदाराने विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय, तेही याच कारणाने थांबव. हजारो फाइली रॅममधूनच डिस्कवर जाणार. रॅम चुकत असताना केलेलं इन्स्टॉलेशन पहिल्या दिवसापासून बिघडलेलं असू शकतं, आणि मग खरा दोष शोधणं दुप्पट अवघड होतं.

आता कार्डाबद्दल. एका फोटोत एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव दिसलं म्हणून तू कार्डावर आलास. आमच्या वीजनिर्मिती केंद्रात युनिट ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं) की कंट्रोल रूममध्ये क्षणात डझनभर अलार्म पेटतात. बॉयलर, टर्बाइन, जनरेटर सगळ्यांचे. ते सगळे खरेच असतात, पण त्यातले बहुतेक परिणाम असतात. म्हणून सर्वांत आधी कोणता आला हे दाखवणारी व्यवस्था असते, आणि घटनांचा क्रम मिलिसेकंदापर्यंत नोंदला जातो. माझं निम्मं आयुष्य त्या नोंदी वाचण्यात गेलंय. जो अलार्म सर्वांत मोठ्याने वाजतो त्याच्या मागे धावणारा माणूस चांगलं चाललेलं उपकरण खोलून ठेवतो.

विंडोजमध्ये अशा नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतात. तिथे तुला 'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद वारंवार दिसेल आणि ती वाचून वीजपुरवठ्यात दोष आहे असं वाटेल. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ती पुन्हा सुरू झाल्यावर लिहिलेली असते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या त्रुटीचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा यंत्र जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर विंडोजने स्वतःहून काम थांबवलंय आणि त्याची डंप फाइल (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) विंडोज फोल्डरातल्या मिनिडंपमध्ये असेल. ४१ च्या आधीच्या नोंदी बघ. 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) या नावाची नोंद सापडली तर ती मला तशीच्या तशी पाठव. तिथे हार्डवेअर स्वतःच आपला दोष सांगत असतं.

नाव एकाचं आणि दोष दुसऱ्याचा, हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचं ताजं उदाहरण तुला माहीत असायला हवं, कारण तुझ्या वर्गातल्या ज्या मुलांकडे इंटेलचे प्रोसेसर आहेत त्यांच्याही ते कामाचं आहे. १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे इंटेल प्रोसेसर घेतलेल्या अनेकांचे गेम सुरू होतानाच बंद पडायचे आणि संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्डांत भरपूर मेमरी होती. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. प्रत्यक्षात गेमचा दाबून ठेवलेला डेटा उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो, आणि तोच गणित चुकत होता. चुकीचा डेटा पुढे गेला की गेमचं इंजिन अडखळायचं आणि कार्डाचं नाव घ्यायचं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण बायोस अपडेट केल्याने पुढचं नुकसान टळतं, झिजलेला प्रोसेसर बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. त्या मुलांना हे जरूर सांग.

तुझा प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्यामुळे हा दोष तुझ्याकडे नाही. पण वाचायची पद्धत तीच. तुझ्या फोटोंमध्ये दर वेळी वेगळा कोड आहे. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल, एकदा पेज फॉल्ट, आणि एकदाच एन्व्हिडियाचं नाव. शिवाय तुझं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर ब्लेंडर काही न सांगता गायब झालं. एकच भाग नियमितपणे नापास होत असेल तर तक्रारही बहुधा एकसारखी येते. तक्रार रोज नवी असेल तर सगळेच ज्याचा वापर करतात त्या भागावर संशय घ्यायचा, आणि तो भाग म्हणजे रॅम. ड्रायव्हरचा कोडही रॅममध्येच असतो.

आणि हे सुरू झालं दिवाळीनंतर, तू रॅमच्या १६ जीबीच्या आणखी दोन स्टिक (पट्ट्या) टाकल्यावर. मला यातच सगळ्यात मोठी खूण दिसते.

नीट समजून घे. पाकिटावरचा ३६०० हा वेगाचा आकडा रॅम कंपनीने एक्सएमपीसाठी दिलेला आहे, तोही १.३५ व्होल्टवर. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आहे. रॅम चालवणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि रायझन ५००० मालिकेसाठी एएमडीने हमी दिलीय ती दोन स्टिकना ३२०० पर्यंत. चार स्टिक, त्याही दुहेरी रँकच्या (चिपांचे दोन गट असलेल्या) असतील, तर ती हमी २६६७ वर येते. तू चार स्टिक ३६०० वर पळवतोयस. त्या चालतीलही, पुष्कळांच्या चालतात, पण ती कुणाची जबाबदारी नाही. शिवाय एकाच मॉडेलच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पाकिटांत आतल्या चिप निराळ्या असू शकतात. सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून एसपीडीच्या पानावर चारही स्टिकची रँक आणि चिप बनवणारी कंपनी ताडून बघ.

एक्सएमपी तू बॅकअपसाठी बंद केलं असशील, तसंच राहू दे आणि नेहमीसारखं काम करत राहा. प्रोसेसरवर होणाऱ्या रेंडरिंगला (फिल्मच्या फ्रेम तयार करण्याच्या कामाला) रॅमच्या वेगाने फारसा फरक पडत नाही. बंद पडणं थांबलं, तर रॅम खराब नाही, तिच्याकडून मागितलेला वेग जास्त होता, एवढंच. मग फिल्म जमा होईपर्यंत चारही स्टिक २६६७ वर चालव. नाहीतर जुन्या दोनच ठेव, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

नाही थांबलं, तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर घे आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू कर. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ६४ जीबीला पुष्कळ तास लागतील, रात्री लावून झोप. एक जरी चूक दिसली तरी निकाल नापास. "एकच तर आहे" असं मनात आणू नकोस. चूक आली की एकेक स्टिक, तीच खाच, तीच चाचणी. एकटी असताना चारही पास झाल्या तर दोष स्टिकमध्ये नसून त्यांच्या एकत्र येण्यात आहे. एक नापास झाली तर ती ज्या जोडीतली आहे ती जोडी बिलासकट वॉरंटीला दे. रॅमवर वॉरंटी बहुधा लांबलचक असते, नवीन घ्यायला धावू नकोस.

कॅबिनेट उघडशील तेव्हा मागचा स्विच बंद, प्लग बाहेर, आणि उघड्या धातूला हात लावून मग आत हात. मदरबोर्डचा मोठा २४ पिनचा कनेक्टर, प्रोसेसरचा ८ पिनचा आणि कार्डाचा, तिन्ही कट्‌ आवाज येईपर्यंत दाबून बघ. रॅमची कडी पूर्ण लागलीय का तेही बघ. पहिल्यांदा स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे अर्धवट बसलेले कनेक्टर फार त्रास देतात. एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कधीही, कुठल्याही कारणाने उघडायचा नाही. २३० व्होल्टचा एसी डीसी केला की आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. मी रोज विजेत काम करते, तरी मी तो उघडत नाही. दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, पिना जुळतात पण आतली जोडणी वेगळी असते आणि बोर्ड जळतो.

त्या रात्री रेंडर चालू असताना कॉम्प्युटर एकदम काळा झाला, निळी स्क्रीनही नाही, आणि त्याच क्षणी खोलीतला दिवा लुकलुकला, असं तू म्हणालास. ही गोष्ट मला बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटते. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने भार उचलायला हवा. तुझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे वॅटमध्ये ३६०च्या आसपास. रेंडरच्या वेळी आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅटपर्यंत घेतं, त्यावर प्रोसेसर आणि तुझे दोन मॉनिटर. बॅटरी थकलेली असेल तर तो उचलणार नाही. एक मॉनिटर यूपीएसवरून काढून भिंतीच्या सॉकेटला लाव, आणि बॅटरीचं वय किती आहे ते बघ.

वाड्यातल्या त्या खोलीचं अर्थिंग मात्र तपासून घे. वायरमनला बोलाव, स्वतः मीटर घालू नकोस. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं तू पावसाळ्यात म्हणाला होतास. कॉम्प्युटर चालो न चालो, ते दुरुस्त झालंच पाहिजे. घरमालक पैसे द्यायला तयार नसतील तर मी देते.

एक वही कर. बंद पडल्याची वेळ, काय चालू होतं, कसं बंद पडलं (निळी स्क्रीन, गोठणं, की थेट काळोख), आणि त्याआधी तू काय बदललंस. एका वेळी एकच बदल. एक्सएमपी बंद केलं, त्याच दिवशी ड्रायव्हर बदलला आणि यूपीएसही हलवला, आणि कॉम्प्युटर नीट चालला, तर तुला काहीच कळलं नाही. आणि धीर धर. सरासरी दोन दिवसांनी बंद पडणारं यंत्र एक दिवस नीट चाललं तर त्यात नवल नाही. तेच सलग सहा दिवस चाललं, तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून प्रत्येक बदलाला सहा दिवस दे. जमा करायची तारीख लक्षात घेता तुझ्याकडे अशा दोन बदलांपुरता वेळ आहे, म्हणून पहिला एक्सएमपीचा आणि दुसरा दोन स्टिक काढण्याचा. मधल्या काळात रेंडर फ्रेम-फ्रेमने इमेजमध्ये काढ, थेट व्हिडिओत नको, म्हणजे मध्येच बंद पडला तरी झालेल्या फ्रेम जागेवर राहतील.

एवढं करून ज्या कोडात आज एन्व्हिडिया दिसतंय तोच एकटा पुन्हा पुन्हा यायला लागला, तर कार्डावर संशय घेऊ. आधी कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये लावून, तिथेही तसंच होतं का ते बघायचं. तिथेही झालं तर पैसे त्याच दिवशी पाठवते.

बाबा पुढच्या आठवड्यात पुण्यात येताहेत. त्यांच्याबरोबर माझा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट आणि दोन पेन ड्राइव्ह देते. एकावर मेमटेस्ट८६ टाकून, इथे चालवून बघितलेला असेल. रॅमची दोन्ही बिलं शोधून ठेव आणि त्यांचे फोटो आजच पाठव.

तुझी,
आई