अठ्ठावीसचं चाक

डेन हाग (द हेग), नेदरलँड्स,
१६ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागे एका रविवारी फोनवर "सायकल काय म्हणते?" असं तुम्ही विचारलंत आणि मी "मस्त" म्हणाले, ते खोटं होतं. त्या वेळी सायकल खोलीत वर्तमानपत्रावर उलटी उभी होती आणि तिचं मागचं चाक कपाटाला टेकून ठेवलं होतं. चाक म्हणजे काय, त्याचा आठ झाला होता. फोन स्पीकरवर होता, आई शेजारीच शेंगा फोडत होती, म्हणून गप्प बसले. आता सगळं उरकलंय, तर सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेव" म्हणता, आणि चाकाचं बोलायचं तर आकृती लागते. ती मागच्या पानावर काढली आहे.

चूक माझीच. दिवाळीच्या आधीपासून मागच्या चाकातून टिक्-टिक् येत होतं. बघितलं तर एक तार चाकाच्या मधल्या हबच्या वाकणापाशी तुटलेली. तुम्ही असता तर तिथल्या तिथे दुसरी घातली असती. मी काय केलं, तर तुटकी तार शेजारच्या तारेला गुंडाळली आणि चालवत राहिले. रोज घरापासून डेल्फ्टच्या ऑफिसपर्यंत व्लीट नावाच्या कालव्याच्या काठानं जाते, एका बाजूला साधारण दहा किलोमीटर. इथे चढ औषधालाही नाही, पण समोरून वारा आला की जोतिबाचा डोंगर चढल्यासारखं होतं.

आपल्याकडे रिम जरा हलायला लागली की ब्रेकचे रबर घासतात आणि दहा घरांना ऐकू जातं. माझ्या सायकलीला रिमवर ब्रेकच नाही. पेडल उलटं दाबलं की हबच्या आत ब्रेक लागतो. त्यामुळे चाक कितीही लटपटलं तरी आवाज नाही, आणि मागे वळून कोण बघतंय? दोन आठवड्यांनी तारा मोजल्या तर तीन तुटलेल्या, आणि त्यांच्या शेजारच्या दोन इतक्या ढिल्या की बोटानं वाजवल्यावर नुसतं थप्प व्हायचं.

तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात ते आठवलं, "तार वजनानं तुटत न्हाई, ढिली ऱ्हायली म्हणून तुटतीया." लहानपणी मला वाटायचं तुम्ही तारा खपवायला असं बोलता. आता हिशोब केला. चाक एकदा फिरलं की सव्वादोन मीटरला थोडं कमी अंतर जातं. म्हणजे ऑफिस गाठेपर्यंत प्रत्येक तार साडेचार हजार वेळा खाली येते, सैल होते, वर जाऊन पुन्हा ताणली जाते. लोखंडाची पट्टी हातानं वर-खाली वाकवून मोडतात, तसंच ते. घट्ट तारेला हा हेलकावा सोसतो, ढिलीला नाही.

मग ट्रामचे रूळ आले. शनिवारी पॉल क्रूगरलानवरून सामान आणायला गेले होते. त्या रस्त्यावर सुरीनामच्या हिंदुस्तानी लोकांची दुकानं आहेत. त्यांचे पूर्वज १८७३ मध्ये 'लाला रूख' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून मजुरीला सुरीनामला गेले, आणि पुढे त्यांच्यातले कितीतरी जण इकडे आले. दुकानातली बाई भोजपुरीसारखं बोलते, मी माझ्या तोडक्या हिंदीत, आणि तूरडाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची सगळं मिळतं. कॅरिअरवर दहा किलो तांदूळ बांधला. परत येताना रूळ आडवे ओलांडायचे सोडून तिरकी गेले. पाऊस पडून गेला होता. पुढचं चाक निघालं, मागचं खोबणीत अडकलं, बाजूनं झोक बसला आणि आधीच पाच तारांनी लंगडं झालेलं चाक कडकन बसलं. मी कोपरावर, तांदूळ रस्त्यावर. एक बाई थांबल्या, दोघींनी मिळून पोतं उचललं. फाटलं नव्हतं, ते एक बरं. पोतं उचलून झाल्यावर त्या चाकाकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला एकच शब्द कळला, स्लाख. चाक आऊट झालं, म्हणजे डुलत फिरायला लागलं, की इथे त्यात 'स्लाख' आलाय म्हणतात. माझ्या चाकात स्लाख कुठला, पापड झाला होता.

दुकानात दाखवलं. नवं मागचं चाक बसवून सव्वाशे युरो सांगितले. सायकल मी नव्वदला घेतलेली, तीही वापरलेली. (आई, रुपयांत गुणाकार करत बसू नकोस.) आणि खरं सांगू, मला थोडा रागच आला. सायकलवाल्याच्या मुलीनं चाक विकत घ्यायचं? हब तर धडधाकट होता. फक्त रिम आणि तारा पाहिजे होत्या.

इथे माझी दुसरी चूक झाली. सायकलवर २८ लिहिलेलं. डोळे मिटले की मला आपल्या दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले टायर दिसतात, २८ x १½, अठ्ठावीस-दीड. मापाचं मला काय कोणी शिकवायचं! इंटरनेटवरून २८ x १½ ची रिम मागवली, ३६ भोकांची, चोवीस युरोला. आली. चकचकीत. टायर चढवायला गेले तर चढेना. साबणाचं पाणी लावलं, गुडघा लावला, चमच्याचा दांडा वाकवला. टायरच्या कडेत लोखंडी तार असते, ती काही ताणत नाही. घामाघूम झाल्यावर टायरवरचं बारीक अक्षर वाचलं, ३७-६२२. आणि रिमवर कोरलेलं, ६३५.

अण्णा, इथे 'अठ्ठावीस' नावाची दोन वेगळी चाकं आहेत. २८ इंच हे हवा भरलेल्या टायरच्या बाहेरून मोजलेलं जुनं माप. टायर जाड की बारीक, त्यावर आतली रिम बदलते. आपली अठ्ठावीस-दीड म्हणजे टायर जिथे बसतो तिथे ६३५ मिलिमीटर. इथल्या आताच्या सायकलींची अठ्ठावीस ६२२. फरक १३ मिलिमीटरचा, म्हणजे घेरात चार सेंटिमीटर, आणि दोन्हीला नाव एकच. ६३५ इथेही आहे, पण जुन्या, काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलींना. त्यांना ओपाफीट्स म्हणतात. ओपा म्हणजे आजोबा, फीट्स म्हणजे सायकल. तुमच्या दुकानातलं माप इथे आजोबांचं माप झालंय. तुम्ही रागावू नका.

आमच्या वस्तीत महिन्यातून एका शनिवारी रिपेअर कॅफे भरतो. एका हॉलमध्ये टेबलं मांडतात, गावातली हौशी माणसं येऊन बसतात, आणि आपण मोडकी वस्तू घेऊन जायचं. टोस्टर, दिवा, फाटका कोट, काहीही. पैसे मागत नाहीत, दारात बरणी असते तिच्यात वाटलं तर टाकायचे. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला सुरू झाला, आता गावोगाव आहेत. बाकीच्यांना त्याचं फार कौतुक. मला पहिल्यांदा वाटलं, यात नवीन ते काय, आपल्या गल्लीत हेच चालतं. पण आपल्या गल्लीत त्यावर दुरुस्ती करणाऱ्याचं पोट भरतं, इथे भरायचं नसतं, म्हणून कॉफी आणि केक.

सायकलच्या टेबलावर एक आजोबा होते, पंचाहत्तरीचे, बोटं तुमच्यासारखीच काळी. मी हब, चुकीची रिम आणि टायर त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी रिमवरचा आकडा वाचला आणि इतके खूश झाले की मला कळेना. त्यांच्या स्वतःच्या ओपाफीट्सची मागची रिम गंजून गेली होती! माझी नवी रिम त्यांनी घेतली आणि बदल्यात घरी जाऊन एक वापरलेली, पण सरळ, ६२२ ची रिम आणली. वर मापाच्या ३६ तारा आणि त्या रिमवर आवळणारे निपल. मग म्हणाले, मी भरून देतो. मी म्हटलं, मी भरते.

त्यांनी भुवया वर केल्या.

अण्णा, बारा-तेरा वर्षांनी हात लावत होते. तुम्ही मला पुढच्या ३२ तारांच्या चाकावर शिकवलंत, मागच्या ४० ला कधी हात लावू दिला नाहीत. इथे पुढे ३६, मागे ३६. बेरीज दोन्हीकडे ७२ च येते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि उगाच बरं वाटलं. तारांचे नऊ-नऊचे चार गठ्ठे केले. पहिली तार व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, मग तीन भोकं सोडून चौथ्यात, अशा नऊ. पलीकडच्या बाजूच्या नऊ. हब पिळला. मग तिसरा गठ्ठा, आणि हात आपोआप तुमचं म्हणायला लागले, "दोन वरनं, एक खालनं." मी मोठ्यानं म्हणत होते हे आजोबांनी विचारल्यावर कळलं. त्यांना अर्थ सांगितला. त्यांनी लगेच डचमध्ये तेच म्हणून बघितलं.

सगळं भरून झालं, निपल चार-चार आटे चढले, आणि आजोबांनी हवेचा पंप आणून रिमला नुसता टेकवला. तो बसेना. व्हॉल्व्हचं भोक नेमकं दोन तारा जवळ येतात त्या चिमट्यात आलेलं. तुम्ही टपली मारली असती. त्यांनी मारली नाही, कॉफी आणून दिली. अठरा तारा काढून पुन्हा भरल्या.

व्हॉल्व्हवरून आठवलं. इथला साधा व्हॉल्व्ह आपलाच आहे हो! त्याला हे लोक हॉलंडचा व्हॉल्व्ह म्हणतात. फक्त आता बहुतेकांत आपल्यासारखी रबरी नळी नसते, आत छोटी गोळी असते, त्यामुळे पंप मारताना दम कमी लागतो. तुमचा पितळी पंप इथे सरळ चालेल.

आऊट काढायला त्यांच्याकडे लोखंडी स्टँड होता, दोन्हीकडून सुया असलेला. मी खडू मागितला. खडू धरून चाक फिरवलं, जिथे पांढरं लागलं तिथली समोरची तार पाव आटा घट्ट, या बाजूची पाव आटा ढिली. सुईनं दिसतं ते खडूनं उमटून राहतं, हे त्यांनाही पटलं. जोड्या-जोड्यांनी तारा मुठीत आवळल्या, कुरकुर झाली, पुन्हा खडू. दीड तास गेला. तारांची बाहेर आलेली टोकं कानशीनं घासली, जुन्या ट्यूबची पट्टी कापून आत बसवली. पट्टीचं बघून त्यांनी मान डोलावली, तेही तेच करतात.

चाक बसवताना एक गोष्ट तुमच्या कामात कधी आली नसेल. या ब्रेकच्या हबला बाहेर एक लोखंडी हात असतो, तो फ्रेमच्या नळीला पट्टीनं आवळावा लागतो. विसरलं तर ब्रेक दाबल्यावर तो हातच गरगर फिरतो आणि सायकल थांबत नाही. मी विसरले नाही. शिवाय सगळी चेन बंद पेटीत असते, त्यामुळे मागचं चाक काढणं-घालणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. म्हणून इथेही पंक्चर काढताना कोणी चाक काढत नाही. अगदी तुमच्यासारखं, आडवी घालायची आणि ट्यूब बाहेर ओढायची.

आता पाच दिवस चालवतेय. आवाज नाही. बाजूची आऊट गेली, पण चाक अजून एका जागी उंच आहे, दोन मिलिमीटर तरी. प्रत्येक फेऱ्याला बुडाला बारीक ठोका कळतो. रिम जोडलेली असते ना, नेमकी त्या जागी. तिथल्या चारही तारा घट्ट कराव्यात तर त्या आधीच ताठ आहेत, वाजवल्यावर बाकीच्यांपेक्षा वरचा सूर देतात. समोरच्या बाजूच्या ढिल्या करून रिम तिकडे सोडू, की हे असंच राहू देऊ? आकृतीत ती जागा फुलीनं दाखवली आहे. उत्तर फोनवर नको, दादाला सांगून लिहून पाठवा, मी चाकाजवळ बसून वाचेन.

आणि एक मागणं. आजोबांची निपलची चावी गोल आहे, सगळ्या मापांची. ती माझ्या बोटांत फिरते. जानेवारीत दादाचा मित्र इकडे येतोय, त्याच्याबरोबर तुमची ती जुनी चपटी चावी पाठवाल का? गल्ल्यातली, दोरा बांधलेली. त्याला सांगा, मोठ्या बॅगेत ठेव, हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर अडवतील. तुम्हाला रोज लागत असेल तर राहू दे, इथे मिळते म्हणतात.

२०१९ च्या पुरानंतर तुम्ही छर्रे पोत्यानं धुतले होते, तसं यंदा काही करावं लागलं नाही ना? माग चालू आहेत का सगळे? पाळी सुटल्यावर दुकानाबाहेर अजून सायकली लागतात की सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या?

तुमची,
सुमी

ता. क. आई, हे तुला वाचून दाखवतीलच. कोपराची खपली पडली, डाग आहे. तांदूळ चांगला निघाला, भात मोकळा होतो.