मरीन टँकबद्दल अर्धीच माहिती छापली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घर सजावटीच्या पानावर हॉल आणि डायनिंगच्या मधे पार्टिशन म्हणून सहा फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला टँक, बसवायची आयडिया दिली होती. फोटो छानच होता, निळ्या लाईटखाली फांद्या फांद्यांचं कोरल, वरून एक ब्लू टँग मासा चाललाय, कोपऱ्यात दोन क्लाउनफिश, आणि मजकुरात लिहिलं होतं की कमी देखभालीत घरबसल्या समुद्र. मी बरीच वर्षं पुण्यात मरीन टँक सांभाळतोय म्हणून राहवलं नाही. कॅबिनेटला कुठला लॅमिनेट मॅच होईल, सोफा कुठल्या बाजूला ठेवायचा, सगळं होतं त्यात, पण आत जी जनावरं राहणार ती खाणार काय, जगणार कशी, येतात कुठून यावर एक ओळ नाही. वाचून कोणी ना कोणी खरंच ऑर्डर देणार, आणि मग महिन्याभरात मासे मरायला लागले की आपल्या नशिबात नाही म्हणून टँक काढून टाकणार. नशिबाचा संबंधच नाही त्यात, माहितीच दिलेली नसते.

आधी वजनाचं बोलू, कारण फ्लॅटमधे हे सगळ्यात आधी विचारायला हवं आणि कोणी विचारत नाही. सहा बाय अडीच बाय दोन फुटाचा टँक म्हणजे ३० घनफूट, साडेआठशे लिटर पाणी. त्यात जाड काच, दगड, स्टँड, खाली कॅबिनेटमधल्या सम्पचं, म्हणजे फिल्टरच्या टाकीचं, पाणी धरलं की दीड टनाच्या आसपास जातं, आणि हे सगळं उभं राहतं साधारण १.४ चौरस मीटर जागेत. आपल्याकडच्या स्टँडर्डप्रमाणे राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबानं डिझाईन करतात. म्हणून टँक ठेवला की स्लॅब कोसळते असं अजिबात नाही, भार बीमवर कसा जातो, भिंतीलगत आहे की खोलीच्या मधोमध त्यावर सगळं आहे, पण ते स्ट्रक्चरल इंजिनियरनं येऊन बघायचं, इंटेरियरवाल्यानं अंदाजानं सांगायचं काम नाही. आणि पार्टिशन म्हणजे नेमकं खोलीच्या मधोमधच आलं.

दुसरं, सम्प. वरच्या टँकचं पाणी सतत खाली सम्पमधे पडतं आणि पंप ते परत वर चढवतो. लाईट गेली की पंप बंद, पण वरचं पाणी पाईपातून खाली येतच राहतं, ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत. तेवढं पाणी मावेल इतकी जागा सम्पमधे मोकळी ठेवली नसेल तर मिठाचं पाणी तुमच्या फरशीवर आणि तिथून खालच्यांच्या सीलिंगमधे. टँक नवीन बसवला की मुद्दाम मेन स्विच बंद करून हे बघायचं असतं, पाच मिनिटांचं काम आहे. तसंच वायर. मिठाचं पाणी आणि करंट शेजारी शेजारी असताना अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर मी म्हणेन टँक घेऊच नका. कॅबिनेट साध्या एमडीएफचं केलं तर वर्षभरात फुगतं, मिठाची पांढरी पापुद्री सगळीकडे चढते, स्क्रूसुद्धा खाते.

आता पाणी. जुहू किंवा वर्सोव्याहून कॅन भरून आणू असं बरेच जण म्हणतात, ते पाणी चालत नाही, गाळ आहे, सांडपाणी आहे, बोटींचं तेल आहे. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात मरीन सॉल्ट घालायचं, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. म्हणजे पहिल्या भरणीलाच ३० किलोच्या वर सॉल्ट, घरातलं मीठ नाही, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम वगैरे प्रमाणात असलेलं खास मरीन सॉल्ट. आणि घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन तीन लिटर टाकून देतो. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात तिथे याचा विचार करायला हवा, ते टाकाऊ पाणी निदान ड्रममधे साठवून फरशी पुसायला, भांडी घासायला वापरा. बाष्पीभवन होतं ते फक्त पाण्याचं, मीठ टँकमधेच राहतं, म्हणून रोज जी पातळी खाली जाते ती गोड्या आरओ पाण्यानंच भरायची. खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता चढत जाते आणि मासे का सुस्त झाले ते कळत नाही.

पाणी भरलं की लगेच मासे, हे तर कधीच नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राईट करतात, तोही विषारी, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्रेट करतात जो बराच सौम्य. हे बॅक्टेरिया दगडांवर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत टँकमधे एकही मासा नसतो, नुसता दगड, पाणी आणि टेस्ट किट. नंतरसुद्धा काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवं केसाळ शेवाळ येतं, तीन चार महिने टँक खरंच घाण दिसतो. याच काळात लोकांचा धीर सुटतो, सगळं पाणी काढून दगड धुवून टाकतात आणि परत पहिल्यापासून सुरू. काही करायचं नसतं हो, थोडं थोडं पाणी बदलायचं, गोगलगायी सोडायच्या, खाणं कमी टाकायचं आणि थांबायचं. पुरवणीत जो फोटो होता तसा टँक व्हायला वर्ष दीड वर्ष लागतं, हे छापायला हवं होतं.

आणि उन्हाळा. कोरलच्या शरीरात झोझँथेली नावाची बारीक शेवाळं राहतात, ती उजेडावर अन्न बनवतात आणि कोरलला पोसतात. पाणी ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं की कोरल ती शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रात हेच चाललंय, एप्रिल २०२४ मधे जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. टँकमधे आपण २५-२६ अंश ठेवतो आणि पुण्यात एप्रिल मे मधे बंद फ्लॅटचा हॉल दुपारी ३५ च्या वर जातो, म्हणजे पाणी थंड करणारा चिलर हवाच, तिथे काटकसर नाही. चिलर, लाईट, पंप, पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर, हवेच्या फेसानं घाण काढणारा स्किमर मिळून दिवसाला बारा चौदा युनिट सहज जातात, महिन्याला चारशेच्या आसपास, तेही घरातल्या बाकी वापराच्या वर, म्हणजे बिलाचा स्लॅब बदलतो. लाईट गेली तर पहिला प्रॉब्लेम गरमीचा नसतो, ऑक्सिजनचा असतो, पाणी हलायचं थांबलं की काही तासात मोठे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी बऱ्याचदा लाईट जाते, त्यामुळे एक वेव्हमेकर कायम इन्व्हर्टरवर ठेवलाय आणि बॅटरीचे एअर पंप चार्ज करून ठेवतो. चिलर घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, त्या दिवशी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या, झाकण घट्ट लावलेल्या, एकेक करून सम्पमधे सोडायच्या.

माझं आवडतं काम म्हणजे रविवार सकाळचं टेस्टिंग. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (कार्बोनेटचं प्रमाण) रोज थोडी थोडी खातं. छोट्या बाटलीत पाणी घेऊन सिरिंजनं थेंब थेंब टाकत जायचं, गुलाबी पाणी जांभळट होत एका थेंबाला निळं होतं, तिथे थांबून आकडा वाचायचा, लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, अल्कलिनिटी तिच्या डीकेएच या मापात ८-९. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं, अल्कलिनिटी आज ७ उद्या ११ अशी झाली की फांद्यांची टोकं जळतात. कमी पडत असेल तर रात्री चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायची, पण शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईडची, पानाच्या चुन्याची नाही, आणि एकदम ओतायची तर मुळीच नाही, निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. टँकमधे वाढलेलं कोरल बघितलं की कळतं की हे दगड नाही, रोप पण नाही, हा प्राणी आहे.

म्हणून तो येतो कुठून हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लेखात नेमकं तेच नाही. फोटोतलं फांद्यांचं कोरल ॲक्रोपोरा होतं, म्हणजे दगडी कोरल. आपल्याकडे रीफ बांधणारी सगळी दगडी कोरलं, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाईप आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. समुद्रघोडेही २००१ लाच त्यात घातले. आपल्या समुद्रातून काढलेलं असं कोरल विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळा गुन्हा, तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड, आणि मेलेला तुकडाही सुटत नाही. परदेशातून आलेलं असेल तर साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, परमिट हवं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशी जनावरं बाळगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करायची आहे. तरी दुकानात विनाबिल तुकडे मिळतात, विचारलं तर सांगतात इंपोर्टेड आहे, कागद मागितला की विषय बदलतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कोरल आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गहून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा कोरलचा उंचवटा आहे. किनाऱ्यालगतचं कोरल आधीच गाळ, बोटींचे नांगर आणि गरम पाणी सोसतंय, आपल्या हॉलसाठी त्यातलं एक इंचही येता कामा नये. मशरूम, झोअँथिड, लेदर ही मऊ कोरलं त्या दगडी कोरलांच्या यादीत येत नाहीत, ती दिसतातही सुंदर आणि नवख्याच्या हातून जगतातही, पण त्यांचंही बिल मागा. दगडासाठी समुद्रातून काढलेला, जीव चिकटलेला लाइव्ह रॉक नको, कृत्रिम ड्राय रॉक मिळतो, बॅक्टेरिया त्याच्यावरही बसतात, फक्त वेळ घेतात.

माशांचंही तेच. क्लाउनफिश हॅचरीत होतो. मादी अंडी घालते, नर आठवडाभर पंखानं त्यांना वारा घालत बसतो, मग अंधार पडला की पिल्लं बाहेर येतात, पहिले काही दिवस रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव खातात आणि दोनेक आठवड्यांत पट्टे दिसायला लागतात. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं हे तंत्र आपल्याकडे बसवलं, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी झाली. बांगाई कार्डिनल मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा आणि तिथे धोक्यात आलेला, पण टँकमधे पैदास होतो, नर अंडी तोंडात धरून उबवतो. ब्लू टँगचं तसं नाही, तो उघड्या पाण्यात अंडी सोडतो, बंदिस्त जागेत पहिली यशस्वी पैदास २०१६ ला झाली आणि बाजारातले बहुतेक अजूनही समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपाईन्स, इंडोनेशियात मासे पकडायला सायनाइड फवारतात, मासा तेव्हा गुंगतो आणि आपल्या घरी येऊन आठवड्यांनी मरतो, शिवाय फवारा पडलेलं कोरल मरतं ते वेगळंच. वाढून फूटभर होणारा मासा शोभेसाठी आणू नका एवढंच सांगतो.

लहान मुलं असलेल्या घरांसाठी एक फार महत्त्वाचं. काही झोअँथिड आणि त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. नको असलेलं कोरल काढायला दगडावर उकळतं पाणी ओतलं किंवा दगड उकळला की ते वाफेतून नाकात जातं, परदेशात अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमधे गेली आहेत. हे कधीच करू नका, कोरल हाताळताना ग्लोव्हज आणि गॉगल घाला, हाताला जखम असेल तर टँकमधे हातच घालू नका. आणि उलट बाजूनं, सोसायटीत पेस्ट कंट्रोल, घरात डासांचं लिक्विड, दिवाळीआधीचं रंगकाम, हे सगळं हवेतून पाण्यात उतरतं, कोळंबी तर लगेच मरते, त्या दिवशी टँक झाका आणि स्किमरची हवा दुसऱ्या खोलीतून घ्या.

एवढ्यावरून कोणी मरीन टँक घेऊच नये असं मला म्हणायचं नाही, उलट तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मोठी झालेली माणसं आपण, ओढ असणारच, आणि मोठ्या टँकमधे पाणी लहानापेक्षा स्थिर राहतं हेही खरं. माझी विनंती एवढीच की पुरवणीत यावर परत एकदा लिहा आणि यावेळी इंटेरियरवाल्यासोबत टँक सांभाळणाऱ्याला आणि वन विभागातल्या कोणाला तरी विचारून लिहा. वाचकांना एक सांगा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी विकणाऱ्याला म्हणावं, तुम्ही बसवलेला दोन तीन वर्षं चालू असलेला एखादा टँक मे महिन्यातल्या दुपारी दाखवा, आणि त्यातल्या कोरलचे कागद पण.

आपला,
एक वाचक, पुणे