मोतमाऊलीच्या जत्रेत भेटलेल्या सगळ्यांचे आभार

वसईहून बांद्र्याला मोतमाऊलीला, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चला, जायचं म्हणजे आता मोठी मोहीमच, पंच्याहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस आला की माझा पाय घरात ठरत नाही. नातू म्हणतो आजी, मोबाईलवर मिस्सा बघ ना! अरे बाबा, मेणबत्ती मोबाईलवर कशी लावू?

तर लोकलमध्ये मला जागा देऊन माझी पिशवीही बांद्र्यापर्यंत धरून उभी राहिलेल्या मुलीचे आभार. स्टेशनबाहेर बेस्टच्या बसला ही एवढी रांग, तिथे "आजींना पुढे जाऊ द्या" म्हणून गलका करणाऱ्या कॉलेजच्या पोरांचे पण. आणि चढणीवर माझा हात धरणारी ती बुरख्यातली बाई, तिने नवसाला मेणाचं घर घेतलेलं, मी मेणाचा पाय, एकमेकींच्या हातात बघितलं आणि दोघीही हसत सुटलो.

मिस्टर गेल्यापासून रोझरी म्हणताना मध्येच विसरते कुठल्या मण्यावर होते. देवाकडे मागणं एकच, कोणावर ओझं नको होऊ दे. पण त्या दिवशी चांगलंच ओझं झाले की मी, आणि कोणाचंच तोंड वाकडं झालं नाही, त्यामुळे हे मागणं जरा बाजूला ठेवलंय.

हो, पाऊस आला तेव्हा एका दादाने डोक्यावर छत्री धरली ती माझ्याकडेच राहिली. काळी, लाकडी मुठीची. ज्याची असेल त्याने सांगा, नातवाबरोबर पाठवते.