दयाच्या थोबाडीतला कबुलीजबाब कोर्टात चालतो का हो?

संपादक साहेब, नमस्कार.

सीआयडी ही मालिका डिसेंबर 2024 मध्ये परत सुरू झाली तेव्हा आम्हा जुन्या प्रेक्षकांना आनंदच झाला. शिवाजी साटम म्हणजे आपला माणूस, बी. पी. सिंग यांच्याच 'एक शून्य शून्य'पासून बघतोय त्यांना. पण एक गोष्ट पहिल्यापासून खटकते ती अजून तशीच आहे. शेवटी दया एक सणसणीत ठेवून देतो, खुनी घडाघडा बोलायला लागतो, एसीपी प्रद्युमन साहेब (म्हणजे आपले साटम) म्हणतात आता तुला फाशीच, आणि संपलं. अहो कसली फाशी! पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन साक्ष्य अधिनियमात कलम 23 झालंय. त्याने सांगितलेल्या जागी सुरा सापडला तर तेवढा भाग चालतो. म्हणजे 2018 पर्यंतचे दीड हजारावर एपिसोड धरले तर त्यातले निम्मे खुनी तरी आज मजेत बाहेर फिरत असणार.

आणि पंच कुठे असतात यांचे? खून झाला की जागेचा पंचनामा, त्याला दोन पंच, वस्तू जप्त केली की पाकीट, लाखेचं सील, सह्या. इथे अभिजीत रुमालाने ग्लास उचलतो, पिशवीत टाकतो आणि चालायला लागतो, कुणी एक ओळ लिहीत नाही. आता तर झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं कायद्यानेच आलंय, मोबाईलवर केलं तरी चालतं, आणि ही मालिका त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी परत आली, तरी एकाच्याही हातात मोबाईल वर धरलेला दिसत नाही.

फॉरेन्सिकवाल्या डॉक्टर साळुंखे साहेबांचं तर विचारूच नका. पोस्टमॉर्टेम तेच, विष तेच ओळखतात, केसावरून डीएनए पण तेच काढतात आणि तेही एसीपी टोमणे मारून होईपर्यंत. खऱ्यात पोस्टमॉर्टेम सरकारी दवाखान्यात होतं, व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, सील करून कलिनाच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबला जातो आणि मग रिपोर्टची वाट बघत बसा. ज्या गुन्ह्याला 7 वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे तिथे फॉरेन्सिकच्या माणसाने स्वतः जागेवर जायचं असं आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे, राज्यांना त्यासाठी 5 वर्षांची मुदत दिलीय, म्हणजे साळुंख्यांना लॅबमधून बाहेर काढायला लेखकाकडे आयतं कारण आहे!

बरं राज्याचं सीआयडी मुख्यालय पुण्यात, एसीपी हे पद पोलीस आयुक्तालयातलं, आणि खुनाची पहिली नोंद लोकल पोलीस ठाण्यात होते, ते ठाणं बहुतेक या मालिकेच्या मुंबईत बांधलेलंच नाहीये. 2025 मध्ये एसीपींना बॉम्बस्फोटात मारलं, चॅनलने श्रद्धांजली वाहिली आणि पुढे साहेब हजर. त्यावर काय बोलायचं. दरवाजांबद्दल पण माझी काही तक्रार नाही, ते तुटलेच पाहिजेत.

घरचे म्हणतात एवढा विचार करायचा तर बघतोस कशाला, मनोरंजन आहे. मान्य, पण खरी मजा तर कोर्टात आहे ना, पंच फितूर होतो, सील तुटलेलं निघतं, तारीख चुकते आणि डोळ्यांदेखत माणूस सुटतो. एकदा तरी प्रद्युमन साहेबांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करा आणि आरोपीच्या वकिलाला विचारू दे, साहेब पंचनामा किती वाजता केलात, पंच कोण होते, माझ्या अशिलाच्या गालावर पाच बोटं कुणाची? 'कुछ तो गडबड है' हे त्या दिवशी वकील म्हणेल. 2004 मध्ये याच लोकांनी 111 मिनिटांचा एपिसोड एकही कट न घेता करून दाखवलाय, त्यांना एक उलटतपासणी जड जाऊ नये.

आपला,
एक जुना प्रेक्षक, डोंबिवली