सीपीयू टाइमचा गुंता सोडवून देणाऱ्या ताईला मनापासून थँक्यू

ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तू जे समजावलंस ते एकट्याने ठेवून घेण्यासारखं नाहीये. नाव टाकू नकोस म्हणालीस म्हणून नुसतं ताई.

तुला माहितीये, आमचा पाइपलाइनचं जाळं सोडवणारा सी प्रोग्राम आहे, त्यात दोन पद्धतींपैकी कुठली कमी सीपीयू खाते, म्हणजे कुणाचा सीपीयू टाइम (प्रोसेसरने प्रत्यक्ष काम केलेला वेळ) कमी, ते बघायचं होतं. लॅबमध्ये विंडोज, माझ्याकडे लिनक्स, सरांकडे मॅक. कोड तोच, इनपुट तेच, मोजायला सगळीकडे सीचं स्टँडर्ड क्लॉक() फंक्शन, आणि तरी विंडोजवरचे आकडे इतके मोठे की लॅबमध्ये सगळे म्हणायला लागले विंडोज स्लो आहे, सोडून दे. तू मात्र कोड न बघताच विचारलंस, फाइल्स नेटवर्क ड्राइव्हवरून वाचतोस का? हो म्हटलं, तर म्हणालीस पाच सेकंद नुसता झोपणारा एक प्रोग्राम लिही आणि दोन्हीकडे चालव.

लिनक्सवर जवळजवळ शून्य आलं आणि विंडोजवर पाच! तिथेच सगळं उघड झालं. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीतलं क्लॉक() प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) सुरू झाल्यापासून घड्याळात किती वेळ गेला तो देतं, प्रोसेसने सीपीयू वापरला की नाही याच्याशी त्याला घेणंदेणंच नाही, आणि लिनक्स-मॅकवर तेच फंक्शन खरा सीपीयू टाइम देतं. म्हणजे आमच्या टेबलात विंडोजच्या रांगेत नेटवर्कची वाट बघण्याचा वेळ बसला होता. तू दिलेलं गॅसचं उदाहरण तर मी आता ज्युनिअर पोरांना सांगतो, की स्वयंपाक दोन तास चालला तरी गॅस चाळीसच मिनिटं पेटला असेल, आणि चारही बर्नर एकदम पेटले असतील तर गॅसचे तास घड्याळापेक्षा जास्तही भरतील. मल्टिथ्रेडिंग, म्हणजे एकाच प्रोग्रामची कामं अनेक थ्रेडमध्ये एकदम चालवणं, चालू केल्यावर सीपीयू टाइम घड्याळाच्या पुढे का जातो ते मला यानेच कळलं, कारण तो सगळ्या थ्रेडची बेरीज असतो.

मग तू बसून एकेक सिस्टिम घेतलीस. विंडोजला गेटप्रोसेसटाइम्स फंक्शन, त्यात कर्नल (सिस्टिमने आपल्यासाठी केलेलं काम) आणि यूजर (आपला स्वतःचा कोड) असे दोन वेळ मिळतात, दोन्हींची बेरीज करायची, आणि ते १०० नॅनोसेकंदांच्या एककात ३२-३२ बिटांच्या दोन तुकड्यांत येतात. त्या तुकड्यांच्या पॉइंटरला सरळ ६४ बिटांचा पॉइंटर समजून वाचायचं नाही, काही मशिनवर अलाइनमेंट (मेमरीत आकडा ठरलेल्या जागी बसणं) बिघडते, नीट जोडूनच घ्यायचं, हे तू दोनदा बजावलंस. आणि एकक १०० नॅनोसेकंद दिसलं तरी आकडा साधारण १५.६२५ मिलीसेकंदांच्या उड्या मारतच पुढे जातो, म्हणून लहान फंक्शन एकदा चालवून मोजण्यात अर्थ नाही, हजारदा फिरवून भागायचं. प्रोसेसरच्या सायकल (ठोके) मोजणारं क्वेरीप्रोसेससायकलटाइम पण आहे, पण त्या सायकलींचे सेकंद करायला जाऊ नकोस म्हणालीस.

युनिक्सकडे, म्हणजे लिनक्स-मॅकच्या घराण्यात, पहिली पसंती क्लॉक_गेटटाइम, अख्ख्या प्रोसेसचा सीपीयू टाइम मागणाऱ्या आयडीसकट, उत्तर नॅनोसेकंदांत. ते नसेल तर गेटआरयूसेज, मायक्रोसेकंदांत, इथेही यूजर आणि सिस्टिम वेळ जोडायचा. तेही नसेल तर टाइम्स(), जे बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १०० टिक देतं म्हणजे १० मिलीसेकंदांच्या आतलं काही दिसतच नाही. आणि सगळ्यात शेवटी क्लॉक(). हा उतरता क्रम मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.

मॅकचं तर मला कधीच सुचलं नसतं. तिथे क्लॉक_गेटटाइम २०१६ च्या सिएरापासून म्हणजे १०.१२ पासून आलं, त्याआधीच्या मशिनवर गेटआरयूसेजच. शिवाय मॅकचा कंपायलर युनिक्सवाला मॅक्रो (कोड कुठल्या सिस्टिमवर आहे ते सांगणारी खूण) डिफाइन करतच नाही, त्यामुळे नुसतं युनिक्स आहे का एवढंच विचारलं तर मॅक गाळला जातो, ॲपलचा मॅक्रो वेगळा तपासावा लागतो. जुन्या लिनक्सवर, जीलिबसी (लिनक्सची मुख्य सी लायब्ररी) २.१७ च्या आधी, क्लॉक_गेटटाइमसाठी आरटी लायब्ररी वेगळी लिंक करावी (जोडावी) लागायची हेही तुझ्याकडूनच कळलं, आमच्या लॅबचा जुना सर्व्हर त्यामुळेच लिंक होत नव्हता.

क्लॉक() वापरायचंच असेल तर काय सांभाळायचं ते तू सांगितलंस ते इथे लिहितो, बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. भागाकाराआधी आकडा डबल या दशांशवाल्या प्रकारात करून घे, नाहीतर पूर्णांकात सेकंदाखालचं सगळं गळतं. वजा एक आलं का ते बघ, म्हणजे वेळ मिळालाच नाही. सुरुवात शून्यापासूनच होते असं धरू नकोस, दोनदा वाच आणि वजाबाकी घे. आणि ३२ बिटांच्या युनिक्सवर, जिथे सेकंदाचे १० लाख भाग मोजतात, तिथे साधारण ७२ मिनिटांनी आकडा फिरून पुन्हा तिथेच येतो, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या रनसाठी तो बिनकामाचा.

मला सगळ्यात जास्त भावलं ते हे की तू तयार कोड पाठवून मोकळी झाली नाहीस. तुझ्याकडे तो होता, मला माहितीये. तरी प्रत्येक सिस्टिमला आधी विचार की बाई तू नक्की काय मोजतेस, असं म्हणत माझ्याकडूनच फंक्शन लिहून घेतलंस, स्वतःचं ऑफिसचं काम संपवून, रात्री उशिरापर्यंत फोनवर. एवढा वेळ कोण देतं गं आजकाल.

आता टेबलात दोन कॉलम आहेत, सीपीयू टाइम वेगळा आणि घड्याळाचा वेळ वेगळा, खाली कुठल्या सिस्टिमवर कुठलं फंक्शन वापरलं तेही लिहिलंय. तिन्ही मशिनवर दोन्ही पद्धतींचा क्रम सारखाच लागतोय. सरांनी बघितलं आणि विचारलं हे कोणी शिकवलं, मी तुझं नाव सांगितलं, एवढं चालेल ना?

पुढचं काम प्रत्येक थ्रेडचा वेगळा वेळ काढायचं आहे. विंडोजला गेटथ्रेडटाइम्स आणि लिनक्सला थ्रेडवाला आयडी लावून सुरुवात केलीये, मॅकवर चालवून बघतो आणि रविवारी फोन करतो.

खूप खूप थँक्यू ताई.

तुझा ज्युनिअर