तेल निघालं म्हणून कर्ज फिटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रांमध्ये एकाने लिहिलं होतं की आपल्याकडे अजून दोन-चार बॉम्बे हाय सापडले की देशाचं सगळं परदेशी कर्ज फिटेल. मी बडोद्याचा, कोयलीच्या रिफायनरीच्या आसपास वेगवेगळ्या कंत्राटांवर इन्स्ट्रुमेंटचं काम तीस वर्षं केलंय, तेल म्हटलं की मलाही आनंदच होतो, अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं तेव्हा वडिलांनी आळीत पेढे वाटले होते हे आई अजून सांगते. पण ते पत्र वाचून राहवलं नाही. जगातल्या कितीतरी गरीब देशांत खरोखर भरपूर तेल निघालं आणि तरी ते कर्जात गळ्यापर्यंत गेले, बऱ्याचदा त्या तेलामुळेच गेले.

हे मला पुस्तकात वाचण्याआधी घरात दिसलं. माझा धाकटा भाऊ वेल्डर. शटडाऊन लागलं, म्हणजे दुरुस्तीसाठी रिफायनरी बंद ठेवली, की दीड-दोन महिने बारा-बारा तासांची ड्यूटी आणि ओव्हरटाइम डबल. एका वर्षी लागोपाठ दोन शटडाऊन लागली, हातात पैसा दिसायला लागला, तसा फायनान्सवाला स्वतःहून घरी येऊन बसला, आधी मोटरसायकल झाली मग वरच्या मजल्याचं बांधकाम निघालं, आणि हप्ता बसवला तो शटडाऊनच्या कमाईवर. पुढच्या वर्षी काम नेहमीसारखं, कमाई अर्ध्यावर, हप्ता मात्र तेवढाच. भावजयीच्या पाटल्या गहाण ठेवायला रावपुऱ्यात मीच त्याच्याबरोबर गेलो होतो, रुमालाची गाठ सोडताना त्याचे हात थरथरत होते ते मी विसरू शकत नाही. शेजारच्या ज्या मुलाला शटडाऊनचं काम मिळालं नव्हतं त्याच्याकडे फायनान्सवाला फिरकलाच नव्हता, म्हणून तो वाचला.

मेक्सिकोचं अगदी हेच झालं. कांतारेल नावाच्या एका कोळ्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला होता, १९७६ मध्ये तिथे प्रचंड साठा सापडला आणि त्या क्षेत्राला त्या कोळ्याचंच नाव मिळालं. १९७३-७४ मध्ये तेल बॅरलला ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेलेलं होतं, अरब देशांचा पैसा लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांत येऊन पडला होता आणि बँका गिऱ्हाईक शोधत होत्या. जमिनीखाली तेल असलेल्या देशापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं? मेक्सिकोने रस्ते, कारखाने, सबसिडी सगळं कर्जावर काढलं, भाव वर जातच राहणार असं धरून.

१९८१ च्या जूनमध्ये बाजार पडायला लागला तेव्हा तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखांनी, दियाझ सेरानोंनी, बॅरलमागे ४ डॉलर कमी केले. खरं तर त्यांनी जे होतं तेच मान्य केलं होतं, पण त्यांनाच खुर्ची सोडावी लागली, सरकारने भाव परत चढवून बघितला तर गिऱ्हाइकं तुटली, आणि उरलेल्या वर्षात खड्डा बुजवायला कमी मुदतीची कर्जं धडाधड उचलली. मला या सगळ्या कहाणीत हीच जागा सगळ्यात वाईट वाटते. भाव चढताना घेतलेलं कर्ज एकवेळ समजू शकतं, पण भाव पडलाय हे मान्य करायचं नाही म्हणून घेतलेलं कर्ज माणसाला आणि देशाला दोघांनाही संपवतं. त्यातच अमेरिकेत महागाई मोडायला तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले, आणि मेक्सिकोची बरीचशी कर्जं बदलत्या व्याजाची होती, म्हणजे कमाई खाली आणि हप्ता वर, दोन्ही एकदमच. मेक्सिकोचं चलन पेसो कोसळलं, कर्ज डॉलरमध्ये, त्यामुळे न घेता ते अजून फुगलं. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले तेव्हा डोक्यावर ८० अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज होतं.

लोक म्हणतात हा सगळा भ्रष्टाचार. नायजेरियाच्या लष्करी हुकूमशहा अबाचाने देश लुटला, स्वित्झर्लंडमधून त्यातला पैसा परत आणावा लागला, हे खरंच आहे. पण सगळं खापर चोरांवर फोडलं की बाकीची यंत्रणा दिसेनाशी होते. माझा भाचा काही वर्षं नायजेरियातल्या लागोसला होता, तेलाच्या देशात पेट्रोलसाठी पहाटेपासून लाईन लावायचा. सरकारी रिफायनऱ्या बंद पडल्यासारख्या, कच्चं तेल बाहेर विकायचं आणि पेट्रोल डॉलर मोजून आणायचं आणि लोकांना स्वस्तात द्यायचं. म्हणजे तेलाचा भाव चढला की सबसिडीचं बिलही चढणार, चांगल्या दिवसातसुद्धा शिल्लक पडायची नाही. ती सबसिडी शेवटी २०२३ मध्ये काढली आणि लोक अजून पोळतायत. तिथल्या कानो शहरात पूर्वी शेंगदाण्याच्या पोत्यांचे डोंगराएवढे ढीग रचलेले असायचे, आपल्या सौराष्ट्रातल्या माणसाला बघून बरं वाटलं असतं. ते गेले. दुष्काळाने आणि पिकावरच्या रोगानेही मारलं, पण तेलाच्या डॉलरमुळे त्यांचं चलन महाग झालं, त्यामुळे त्यांचा शेतमाल बाहेर महाग पडायला लागला आणि शेतीकडे कोणी बघेना हेही तितकंच मोठं कारण. मग तेल पडलं की दुसरं विकायला काय उरतं?

आणि नायजेरियाचं जुनं कर्ज बघा, ३० अब्ज डॉलरच्या आसपास, त्यातला मोठा भाग मूळ मुद्दल नव्हताच, थकलेलं व्याज आणि त्यावरचा दंड होता. २००५ मध्ये एन्गोझी ओकोन्जो-इवेला अर्थमंत्री असताना धनको देशांनी १८ अब्ज माफ केले, १२ अब्ज नायजेरियाने भरले, आणि ते भरता आले कारण बजेटमध्ये तेलाचा भाव मुद्दाम कमी धरून वरचा पैसा बाजूला टाकला होता. म्हणजे जमतं. कुवेतने १९७६ पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा ठेवायला सुरुवात केली होती.

हल्लीचा प्रकार मला जास्त भीतीदायक वाटतो, तेल तारण ठेवून कर्ज. आफ्रिकेतल्या अंगोलाने चीनकडून घेतलं, तिथल्याच चाडने २०१३-१४ मध्ये ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून घेतलं, फेड तेलातूनच. २०१४ च्या मध्याला बॅरल १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. जो हप्ता एका बॅरलमध्ये फिटायचा त्याला तीनपेक्षा जास्त बॅरल लागायला लागले, आणि ते आधी सावकाराच्या जहाजात जाणार, शाळा-दवाखान्याला जे उरेल ते. घानात तर २००७ मध्ये तेल सापडल्याची नुसती बातमी आली तेव्हापासून कर्ज वाढायला लागलं, तेल यायला डिसेंबर २०१० उजाडलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी बहुतेक परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. यात देणाऱ्याला कोणी विचारतच नाही. वर गेलेला भाव बघून ज्याने पैसे पुढे केले त्यानेही जोखीम घेतली होती ना, मग भाव पडल्यावर सगळा भार एकट्या घेणाऱ्यावर का?

संपादक साहेब, दक्षिण अमेरिकेतल्या गयानात २०१९ च्या शेवटी तेल सुरू झालं, तिथे ऊसमळ्यांवर नेलेल्या आपल्याच लोकांची नातवंडं-पतवंडं राहतात. त्यांच्या किंवा कुठल्याही नव्या तेल देशाच्या बातमीत आपण किती बॅरल निघालं एवढंच छापतो. त्याच्याखाली दोन ओळी अजून द्या ही माझी हात जोडून विनंती आहे, सरकारने बजेटमध्ये तेलाचा भाव किती धरलाय, कर्जाचं व्याज फिक्स आहे की बदलतं, आणि न काढलेलं तेल कोणाकडे तारण पडलंय का.

आपला नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा