चौथी खोली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बघू" म्हणून विषय आंब्यांवर नेतात आणि आई दूध उतू जातंय म्हणून निघून जाते. म्हणून पत्र. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

घर बांधायचा परवाना मंगळवारी हातात आला. एकमजली घर आहे, झोपायच्या खोल्या चार. चौथी पूर्वेकडची, ती तुमची.

तुम्हाला विचारलं नाही, हे कबूल. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला पाठ आहे. आणि बाबा, आषाढात तुम्ही न्हाणीघरात पडलात, ते मला चौथ्या दिवशी कळलं, तेसुद्धा दादाच्या तोंडून निसटलं म्हणून. ते चार दिवस मी इथे काय करत होते ते नंतर आठवून काढलं. त्यातला एक अख्खा दिवस अभय आणि मी फरशा बघत हिंडत होतो. रागावले नाहीये. तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. पण त्यानंतर मला तीन खोल्यांचं घर बांधवेना.

तोवर नकाशा तीन खोल्यांचा होता, आणि एक जास्तीची खोली म्हणजे एक भिंत सरकवायची एवढंच मला वाटत होतं. तिथेच चुकलं. इथे व्हर्जिनियात, शेनान्डोह खोऱ्यातल्या या काउंटीत (बाबा, आपला तालुका समजा, फक्त शहरं त्यातून वगळलेली) आमच्या जागेला ना नळ ना गटार. बोअर मारायची आणि सेप्टिक टँक बसवायचा. सेप्टिकचा परवाना आरोग्य खात्याचा असतो आणि तो जोडल्याशिवाय काउंटीचं बांधकाम खातं घराच्या अर्जाला हात लावत नाही. आणि सेप्टिक माणसं मोजून देत नाहीत, झोपायच्या खोल्या मोजून देतात. दर खोलीला दिवसाला १५० गॅलन पाणी धरायचं, म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर. आई, एका बादलीत अंघोळ करून उरलेलं पाणी तुळशीला घालणारी तू, आणि सरकारदरबारी तुझ्या खोलीचा हिशेब साडेपाचशे लिटर!

म्हणजे ४५० गॅलनचे ६०० झाले आणि माती पुन्हा तपासायची वेळ आली. तो माती बघणारा माणूस तुम्हाला दाखवायला हवा होता. लांब दांड्याच्या गिरमिटाने त्याने खोलवरची तांबडी माती वर काढली, चिमूटभर तळहातावर घेतली, पाणी शिंपडून मळली आणि अंगठ्याने दाबत दाबत तिची पट्टी काढत गेला. पट्टी तुटायच्या आधी किती लांब जाते त्यावरून चिकणमाती किती ते त्याला कळतं. आई, तू मोदकाची पारी करताना तडा जातो का बघतेस ना, अगदी तसं. मग त्याने रंगांच्या चौकोनांचं एक पुस्तक काढलं आणि मातीचा रंग त्याच्याशी ताडून बघितला. तांबडा, पिवळट चालतो. राखाडी ठिपके दिसले की जमीन तिथवर पाण्याने भरते असं धरतात आणि जागा बाद होते. आमच्या उतारावर खालच्या अंगाला तेच ठिपके निघाले. मग सांडपाण्याचे चर वर सरकले, बोअर हलली, टँक मोठा झाला, नकाशा नव्याने काढला. यात दोन महिने गेले.

तेव्हा ठेकेदार म्हणाला, एवढं कशाला करता? ती खोली नकाशावर 'अभ्यासिका' म्हणून दाखवा, मग सेप्टिक तीन खोल्यांचंच चालेल. परवाना मिळाला की आत पलंग टाका, कोण बघायला येतंय? इथे सर्रास करतात म्हणे.

आणि मला आपली मागची खोली आठवली. बाबा, घरपट्टीच्या उताऱ्यावर ती अजून 'गोठा'च आहे ना? मी बारावी गोठ्यात बसून केली, हे मी कॉलेजात सगळ्यांना हसत हसत सांगायचे. तुम्हाला दोष देत नाही. तेव्हा हातात पैसे किती होते आणि खेपा किती झाल्या होत्या, ते मला माहीत आहे. पण तात्यांनी पागोळ्यांवरून भांडण काढलं तेव्हा ओटीवर उभं राहून "गोठ्याला पन्हळ कशाला लागते?" असं विचारलं होतं, आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमचा तो चेहरा मी विसरलेले नाही. ठेकेदाराला सांगितलं, आईवडिलांची खोली आहे, बेडरूम असंच लिहायचं.

त्याचा फायदाही आहे, नुसता माझा हट्ट नव्हे. बेडरूम म्हटलं की खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी लागते आणि तिचा उंबरा खोलीतल्या जमिनीपासून ४४ इंचांच्या वर चालत नाही. म्हणजे पलंगावर बसल्या बसल्या डोंगर दिसेल. खोलीत धुराचा अलार्म सक्तीचा आहे. तो आईच्या फोडणीला नक्की ओरडणार, तेव्हा घाबरून जायचं नाही, टॉवेल हलवायचा. आणि भिंतीलगत कुठेही उभं राहा, सहा फुटांच्या आत प्लग सापडतोच, हाही नियमच. बाबांचा रेडिओ उशाशी राहील, वायरी ओढत न्यायला नकोत.

एक गंमत सांगते, पण चिडायचं नाही. परवान्याच्या खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. चौथी खोली कुणासाठी म्हटल्यावर म्हणाल्या, मग एवढी खटपट कशाला, आमच्याकडे २०१० पासून एक कायदा आहे, म्हाताऱ्या आईवडिलांसाठी अंगणात ३०० चौरस फुटांपर्यंतची वेगळी खोली ठेवता येते. मी खूश झाले. पुढे वाचलं तर त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, की या माणसाला रोजच्या कामांतली दोन किंवा जास्त कामं मदतीशिवाय जमत नाहीत. आणि गरज संपली की खोली उचलून न्यायची. बाबांच्या नावाने असा दाखला? पडल्यावर तिसऱ्या दिवशी हे विहिरीवर पंप बघायला गेले होते, असं दादा सांगत होता. मी त्या बाईंना म्हटलं, नको, आमची भिंतीला भिंत असलेलीच बरी.

बाबा, आता तुमच्या मनातला प्रश्न. लेकीच्या घरी राहायचं का? खरेदीखतावर अभयचं आणि माझं, दोघांचं नाव आहे. तुम्ही माझ्या अर्ध्यात राहा. आणि कायमचं या असं मी म्हणत नाहीये. पुढच्या वर्षी गणपती पोचवले की निघायचं, शिमग्याला पालखी नाचवायला तुम्ही घरी. आवडलं नाही तर लवकर जा, तिकीट मी बदलून देईन. आपलं घर विकायचं, कुळागर कुणाला द्यायचं, असलं काही माझ्या डोक्यात नाही आणि दादाच्याही नाही. तुमच्या खोलीत दुसरं कुणी राहायला येणार नाही, एवढंच.

थंडीची काळजी करू नका. खोली उबदार राहील, फरशीऐवजी लाकूड घालतोय म्हणजे आईच्या तळव्यांना गार लागणार नाही. न्हाणीघराला उंबरा नाही. भिंती बंद करायच्या आधी आत आडवे लाकडी ठोकळे ठोकून घेणार आहोत, म्हणजे धरायचे दांडे पक्के बसतात, नुसत्या भिंतीत उपटून येतात. पुढच्या दारी पायऱ्यांच्या बाजूने उतार आहे, एक फूट चढायला बारा फूट लांब. तो सामानासाठी आहे असं लोकांना सांगू. तांदूळ, डाळी, पोहे दीड तासावर मिळतात, महिन्यातून एकदा भरून आणतो. मेतकूट मात्र तूच आण.

काम लगेच सुरू करायचंय. सहा महिन्यांत सुरुवात झाली नाही तर परवाना रद्द होऊ शकतो. पायाच्या चरात काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन बघणार, मग सांगाडा, वायरिंग, नळ, शेवटी राहायचा दाखला. घराच्या तोंडाशी रस्त्याला जोडायची परवानगी वेगळी, ती राज्याच्या रस्ते खात्याची, कारण इथे १९३२ पासून काउंटीतले रस्तेही बहुतेक राज्याकडेच आहेत. बाबा, तुम्ही इथे असतात तर प्रत्येक इन्स्पेक्टरच्या मागे मागे फिरला असतात आणि दुपारी आम्हाला त्याच्या चुका सांगितल्या असत्यात.

आता कामं. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघा, व्हिसा आहे म्हणून गाफील राहू नका. साखरेचे आणि बीपीचे सगळे जुने रिपोर्ट एका फाइलीत लावा, पिशवीत नाही. आईने गुडघा दाखवायला जायचंच, "कमी आहे आता" हे मी ऐकणार नाही. आणि आपल्या न्हाणीघरात खडबडीत फरशी आणि धरायला दांडा या आठवड्यात बसवून घ्या, गवंड्याचे पैसे मी दादाकडे पाठवलेत. ते परत करायचे नाहीत.

बाबा, घर बांधताना टेपचं शून्याचं टोक माझ्याकडे असायचं. "चिमे, ढिली सोडू नकोस" म्हणून केवढ्याने ओरडायचात! मी दोन्ही हातांनी धरायचे आणि तुम्ही लांब जात राहायचात. हात दुखायचे, पण टोक दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

तुमची
चिमी

ता. क. आईचा देव्हारा पूर्वेच्या भिंतीत बसवायचाय, सुतार विचारतोय. कोनाड्याची रुंदी, उंची आणि खोली इंचात कळवा. स्टुलावर बाबांनी चढायचं नाही, बंड्याला बोलवा. शून्याचं टोक आई धरेल.